मधात कोणी नाही

शहारेभाऊंना खुर्चीत टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांची म्हणून एक खुर्ची होती. तिच्या अगदी कडेला, दोन बोटं जागेवर ते बसायचे. कोणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये, असा त्यात विचार असावा. उभ्या नोकरीत त्यांचा हुद्दा ‘प्रयोगशाळा सहायक’ एवढाच राहिला. पोरं त्यांना सर म्हणत, ऑफिस नुसतं शहारे म्हणे आणि आम्ही शिकवणारे लोक भाऊ म्हणायचो. त्यांना यातलं काहीही चालायचं. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायची सवय.

मी १९९९ साली अमरावतीहून गोंदियाला आले. फुलचूरकडच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर शिकवायची नोकरी लागली होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी फळा भरून आकृत्या काढल्या. प्रोग्रॅममधून संगणकाच्या पोर्टवर आकडा कसा जातो, कोणत्या वाटेनं जातो, हे मी अर्धा तास सांगत होते आणि पोरं जांभया देत होती. शहारेभाऊ मागं उभे होते. मी थांबल्यावर ते हळूच पुढं आले.

“मॅडम, मी एक दाखवू काय?”

संगणकाच्या पाठीला प्रिंटर जोडायची जी जागा असते, तिथं त्यांनी एक पट्टी खुपसली. पट्टीवर आठ लहान लाल दिवे. मग डॉसच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. तीन-सात-आठ हा पोर्टचा पत्ता आणि पुढं एक आकडा. एंटर दाबल्याबरोबर एकाआड एक चार दिवे लागले. झोपलेली पोरं बाकांवरून पुढं वाकली.

“आपण आकडा लिहिला, दिवा लागला,” शहारेभाऊ म्हणाले. “मधात कोणी नाही.”

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. प्रोग्रॅम थेट तारेशी बोलतो, मध्ये ना ड्रायव्हर, ना कोणाची परवानगी, याचा त्यांना जो आनंद होता तो मी दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरमध्ये पाहिला नाही. ते स्वतः इंजिनिअर नव्हते. सडक अर्जुनीजवळच्या खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबलेले. आयटीआय करून रेडिओ दुरुस्तीवर काही वर्षं काढली आणि मग इथं चिकटले. इंग्रजी जेमतेम. पण कोणत्या पोर्टच्या कोणत्या पिनेवर काय येतं, हे त्यांना स्वतःच्या आळीतली घरं ठाऊक असावीत तसं ठाऊक होतं. पोरांची जर्नलं तेच तपासायचे. सही मात्र माझी लागायची, कारण सहायकाला सहीचा अधिकार नव्हता. मी एकदा म्हटलं, “भाऊ, तुम्हीच करा ना सही, कोण पाहतो?” तर म्हणाले, “कायले मॅडम? तपासलं कोणं, ते पोराले माहीत हाये ना.”

तीन-चार वर्षांनी नवे संगणक आले आणि त्यांच्यावर नवी विंडोज. प्राचार्य हिंदी बोलणारे होते. त्यांनी फर्मावलं, “शहारे, ये पुराना सब हटाओ, कबाड़ लग रहा है.” शहारेभाऊंनी निमूट जुनी यंत्रं भिंतीकडे रचली आणि दिव्यांची पट्टी नव्याला लावली. तीच ओळ टाइप केली, एंटर दाबलं. एकही दिवा लागला नाही. पडद्यावर एक चौकट उगवली : या प्रोग्रॅमला हे करण्याचा अधिकार नाही.

ते कितीतरी वेळ ती चौकट वाचत होते. मी समजावलं, की आता साध्या प्रोग्रॅमला थेट हार्डवेअरला हात लावू देत नाहीत. एखादा चुकीचा प्रोग्रॅम सगळं यंत्र बंद पाडू शकतो, म्हणून मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम उभी असते.

“म्हणजे मधात साहेब बसवला,” ते म्हणाले.

“तसंच समजा.”

“मंग अर्ज कुठं करावं लागते?”

मला हसू आलं, पण ते गमतीनं बोलत नव्हते. पुढचे दोन महिने ते एका जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून बसले आणि एके दिवशी मला बोलावून दाखवलं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ होती. अमुक पोर्टपासून इतके पोर्ट मला वापरू द्या, एवढीच विनंती. ती मान्य झाली की पुढं सगळं पहिल्यासारखं. “हा साहेब बरा हाये मॅडम,” ते म्हणाले. “एकदा इचारलं का मंग घडीघडी आडवा नाही येत.”

त्यांचं घर कुडव्याला होतं, दोन खोल्यांचं. बायको ललिता अंगणवाडी सेविका होती. मूलबाळ नव्हतं. ललिताताईंचं बोलणं आमच्या स्टाफमध्ये प्रसिद्ध होतं. शहारेभाऊ दिवसभरात जितके शब्द खर्चायचे तितके त्या दारातून आत येईपर्यंत बोलून मोकळ्या व्हायच्या. मला पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, “तुमीच काय त्या मॅडम? मले वाटलं मोठ्या असान. बसा. हे काही सांगत नाही घरी, मलेच समदं इचारावं लागते.”

ललिताताईंच्या हातातून पळी पडू लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं अशक्तपणा असेल. मग जीभ जड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं : मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून मरताहेत. याला औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, बाकीचं जाईल. दीडेक वर्षात ललिताताई खाटेला लागल्या. बोलणं आधी अस्पष्ट झालं, मग नुसता आवाज उरला, मग तोही नाही. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलायची.

शहारेभाऊंनी त्या काळात कोणाजवळ एक शब्द काढला नाही. एके दिवशी भिंतीकडे रचलेल्या जुन्या यंत्रांपैकी एक घरी न्यायची परवानगी मागितली. महिन्याभरानं मला म्हणाले, “मॅडम, रविवारी घरी या. ललिता बोलावून राहिली.”

बोलावते आहे म्हणजे काय, ते मला तिथं गेल्यावर कळलं. खाटेच्या पायथ्याशी तो संगणक. ललिताताईंच्या बोटाखाली जुन्या माऊसचं बटण, त्याची तार संगणकाच्या प्रिंटर पोर्टला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. त्यांवरून एक पिवळी चौकट सावकाश सरकायची. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. बोट थरथरलं तर चूक होऊ नये म्हणून प्रोग्रॅम बटण तीनदा वाचायचा आणि तिन्ही वेळा सारखं आलं तरच खरं धरायचा.

पहिलं वाक्य काय लिहिलं त्यांनी, असं मी विचारलं. शहारेभाऊ जरा लाजले. “डोकं खाजव,” ते म्हणाले. “अकरा मिन्टं लागले लिहायले. तीन दिवसांपासून खाजून राहिलं होतं म्हणे.”

मग म्हणाले, “आणि पाहा मॅडम, ‘खाजव’. ‘खाजवा’ नाही. काना लावायले एक बटण जास्त लागते. लग्नाले एकवीस वर्षं झाले, कधी तुमीच्या खाली उतरली नाही. आता मले तू म्हणते.”

ललिताताईंचे डोळे हसत होते. चौकट सरकू लागली. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत थांबलो. बऱ्याच वेळानं अक्षरं उमटली : चहा दे मडमले.

पुढची काही वर्षं ते घर त्या चौकटीच्या चालीनं चाललं. दिवसा शेजारची एक बाई बसायची. शहारेभाऊ दुपारच्या सुटीत सायकलनं जाऊन यायचे. परत आल्यावर मी विचारलं, की सांगायचे, आज ललितानं काय लिहिलं. कधी भाजीला नाव ठेवलेलं असायचं. एकदा नुसतं ‘कंटाळा’. एकदा अंगणवाडीतल्या एका मुलीचं नाव आणि पुढं ‘वजन’. ती मुलगी सावरली का, हे विचारायचं होतं. शहारेभाऊ दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून अंगणवाडीत वजन विचारून आले.

मग एका उन्हाळ्यात वीज जाऊन आली ती जोरातच आली आणि तो संगणक जळाला. शहारेभाऊंनी आतला बोर्ड काढून आणला आणि मला दाखवला. मधोमध काळा डाग. तसलं यंत्र आता कुठंच शिल्लक नव्हतं, कॉलेजनं सगळी भंगारात घातली होती. नव्या संगणकाच्या पाठीला प्रिंटर पोर्टच नसायचं. बाजारातून जोडणी आणली, पण ती फक्त प्रिंटरशी बोलणारी. तिच्या पलीकडे तीन-सात-आठ हा पत्ताच नव्हता.

त्या आठवड्यात मी कुडव्याला गेले होते. ललिताताई पडद्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. शहारेभाऊ एकेक अक्षर तोंडानं म्हणत होते आणि त्यांच्या बोटाकडे पाहत होते. क, ख, ग, घ. बोट हललं की नाही, यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं. थोड्या वेळानं ललिताताईंनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा नुकतेच पत्त्यांच्या कॅटएवढे छोटे संगणक मिळू लागले होते. मोबाइलमध्ये असतो तसला प्रोसेसर, आणि कडेला उघड्या पिना. मी पुण्याच्या एका मैत्रिणीकडून एक मागवून घेतला. शहारेभाऊंनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “पोर्टचा पत्ता काय याचा?”

पत्ता नव्हताच. जुन्या यंत्रात पोर्टांची वस्ती वेगळी आणि मेमरीची वेगळी. या नव्या घडणीत सगळं मेमरीतच असतं. एका ठरावीक पत्त्यावर आकडा लिहिला की तो मेमरीत साठत नाही, पिनेवर जातो. तो पत्ता इंग्रजी जाडजूड माहितीपुस्तकात होता. ते पुस्तक आम्ही दोघांनी वाचलं. मी अर्थ सांगायची, ते वहीत मराठीत उतरवायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना उमगलं. “बाहेरून वेगळं दार नाही मॅडम. घरातलीच खोली हाये, फक्त नंबर माहीत पाहिजे.” त्यानंतर त्यांनी मला विचारणं थांबवलं. दोन आठवड्यांनी ललिताताई पुन्हा लिहू लागल्या. तोवर बोटात जोर उरला नव्हता, म्हणून बटणाच्या जागी पितळेची पातळ पट्टी लावली होती, नुसत्या स्पर्शानं टेकणारी. तार लांब झाली होती.

नव्या यंत्रावर चुका जास्त होऊ लागल्या. मध्येच नको ते अक्षर उमटायचं. शहारेभाऊ हलकेच रागवायचे, “घाई नोको करू. दम धर.” ललिताताई त्यांच्याकडे पाहत राहायच्या. मी हे एक-दोनदा ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोटच दुबळं झालेलं, असं मीही धरून चालले होते.

त्या हिवाळ्यात ललिताताईंचा श्वास अपुरा पडू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला न्या. गळ्याला भोक पाडून नळी टाकतील, यंत्रावर ठेवतील. काही महिने मिळतील, कदाचित जास्तही. पण घरी परत येणं नाही. न्यायचं तर आजच न्या.

मी निरोप मिळून पोचले तेव्हा दारात जीप उभी होती. ललिताताईंचा थोरला भाऊ मनोहर सडक अर्जुनीहून ती घेऊन आला होता. हायवेवर त्याचा ढाबा होता. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस, बहिणीवर जीव. गादी, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं त्यानं जीपमध्ये चढवलं होतं.

“चला भाऊजी,” तो म्हणाला. “वेळ कायले घालवता?”

“तिले इचारू दे,” शहारेभाऊ म्हणाले.

त्यांनी पडद्यावर दोनच शब्द ठेवले, ‘हो’ आणि ‘नाही’. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ललिताताईंच्या कानाशी वाकून सांगितलं, काही न लपवता. नळीचं, यंत्राचं, घरी परत न येण्याचं. मग म्हणाले, “जायचं काय नागपूरले? तू सांग.”

चौकट ‘हो’वर आली, ‘नाही’वर गेली, परत ‘हो’वर. मी दाराशी उभी होते. मनोहर खाटेच्या दांडीला धरून उभा होता. चौकट ‘नाही’वर आली आणि थांबली. शब्द खाली उमटला.

मग मनोहर म्हणाला, “फिरून इचारा.”

“तिनं सांगतलं,” शहारेभाऊ म्हणाले.

“एकडाव फिरून इचारा म्हणतो ना मी. मशीन हाये ते.”

शहारेभाऊंनी पडदा बंद केला. ललिताताईंच्या कपाळावरून हात फिरवत बसले. मनोहर बाहेर गेला आणि जीपमध्ये जाऊन बसला. दिवस मावळेपर्यंत तो तिथं बसून होता. जाताना खिडकीतून म्हणाला, “माह्या बहिणीले तुमच्या डब्ब्यानं मारलं भाऊजी.”

दुसऱ्या दिवसापासून ललिताताई गुंगीत गेल्या. बोट हललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा मनोहर आला, सगळं केलं, पण शहारेभाऊंशी बोलला नाही.

महिना उलटल्यावर शहारेभाऊ कामावर आले. आले ते थेट माझ्या टेबलापाशी, हातात तो छोटा बोर्ड आणि वही. वही माझ्यापुढं उघडून ठेवली. प्रोग्रॅम सगळा हातानं उतरवून काढलेला होता.

“यात काय नाही, ते पाहा मॅडम.”

मी वाचत गेले. चौथ्या पानावर मला दिसलं आणि मी वाचायची थांबले.

जुन्या प्रिंटर पोर्टात बटण दाबलेलं नसताना तार आतूनच एका बाजूला बांधलेली असते, त्यासाठी काही करावं लागत नाही. या बोर्डावर ते आपण सांगावं लागतं, दुसऱ्या एका पत्त्यावर एक आकडा लिहून. तो लिहिला नाही तर मोकळी तार हवेतलं काहीही पकडते. पंखा सुरू झाला, कोणी जवळून गेलं, तरी यंत्राला बटण दाबल्यासारखं वाटू शकतं. ती एक ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हती.

“मी तिले रागवत होतो,” ते म्हणाले. “घाई करते म्हणून. ती नव्हतीच ते.”

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

“काल मी पट्टी काढून ठेवली. नुसती तार. तशीच, त्याच खाटेवर. सकाळी दहापासून बसलो पाहत. सात घंट्यांत चार डाव बटण दाबलं त्यानं. कोणी हात नाही लावला, तीनदा वाचूनही चार डाव.” ते माझ्या हाताकडे पाहत होते. “आता तुमी म्हणान, सात घंट्यांत चार, तर त्या एका मिन्टात नसनच झालं. मीही तेच म्हणतो. पण नसनच झालं, असं कोण सांगन?”

“भाऊ,” मी म्हणाले, “ललिताताईंना नळी नकोच होती. तुम्हाला माहीत आहे.”

“मले माहीत हाये असं मले वाटते.” मग म्हणाले, “मनोहर म्हणे फिरून इचारा. इचारायला काय जात होतं? पण मले भेव वाटलं मॅडम. दुसऱ्या डावी ‘हो’ आलं असतं तर मी कोणतं खरं धरलो असतो? आणि खरं सांगू, ‘नाही’ आलं तवा मले जरा बरं वाटलं. ती घरी राहन म्हणून. म्हणून नाही इचारलो.”

ते माहितीपुस्तक मी त्यांच्यासोबत वाचलं होतं. दुसऱ्या पत्त्याचं पान मीच ‘हे नंतर पाहू’ म्हणून उलटलं असेल, किंवा नसेलही. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही.

त्यानंतर ते चार-पाच वर्षं नोकरीत होते. काम पहिल्यासारखंच चोख. पण प्रॅक्टिकलला पोरांना दिवे लावून दाखवायचं काम त्यांनी सोडलं, ते मीच करू लागले. ते पोरांच्या जोडण्या तपासत फिरायचे. एखाद्या पोरानं मोकळी तार तशीच सोडली असेल तर त्याच्यापाशी थांबायचे आणि तिला एका बाजूला नीट बांधेपर्यंत हलायचे नाहीत. पोरं कंटाळायची. निवृत्तीच्या दिवशी आम्ही शाल-श्रीफळ दिलं. भाषण करा म्हटलं तर नको म्हणाले. कुडव्याचं घर विकून ते गावाकडे राहायला गेले, एवढं कानावर आलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बसमधून. मी नागपूरला निघाले होते. सडक अर्जुनीला बस थांबली, लोक चढत-उतरत होते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला दोन माणसं उभी होती. एक आडव्या अंगाचा, डोळ्यांना हिरवा चष्मा, बहुधा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. तो मनोहर होता. त्याचा दंड धरून शेजारी शहारेभाऊ. मधून ट्रकमागून ट्रक जात होते. दोघांमध्ये कधी आणि काय मिटलं, की काहीच न मिटता ते असे एकमेकांजवळ आले, मला माहीत नाही.

ट्रकांची रांग संपली. रस्ता मोकळा झाला. शहारेभाऊंनी मनोहरच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली. शहारेभाऊ तसेच उभे राहिले, परत वाकले, परत विचारलं. मनोहरनं पुन्हा मान हलवली, जरा वैतागूनच. मग ते दोघं रस्त्यावर उतरले. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण बस सुरू झाली.